प्रेषित बोलला, लेखणी कोणाची?

मित्रहो, हा धागा लांब आहे. चहा घेऊन बसा.

मागे एका धाग्यावर एका वाचकाने थेट प्रश्न विचारला होता. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात पेत्राचे यरुशलेममधले पहिले जाहीर भाषण दिले आहे. ते ऐकून एका दिवसात सुमारे तीन हजार माणसे नव्या पंथात आली, असे ग्रंथ सांगतो. त्या गर्दीत कोणी कागद घेऊन बसला होता का? नसेल, तर ते भाषण खोटे मानायचे का?

प्रश्न रास्त आहे. त्यावर खाली आलेली उत्तरे मात्र मला रुचली नाहीत. एका गटाने सरळ 'बनावट' असा शिक्का मारला. दुसऱ्याने तितक्याच आवेशाने ते शब्द जसेच्या तसे उच्चारले गेले, असे सांगितले. दोन्ही गट एकाच गृहीतावर उभे आहेत: लिहिलेले भाषण म्हणजे उच्चारलेल्या भाषणाची नक्कल, आणि नक्कल खरी तरी असते किंवा खोटी तरी. हे गृहीत ध्वनिमुद्रणाच्या काळातले आहे. पहिल्या शतकाला ते लावता येत नाही. माझे मत असे की, पेत्राचे ते भाषण ग्रंथकर्त्याने रचले, आणि ते त्याने रचले हे मान्य केल्यावरच त्याचा इतिहास म्हणून उपयोग सुरू होतो. पुढे जाऊन मला मराठीतल्या एका ग्रंथाविषयीही काही सांगायचे आहे. त्यात हाच पेत्र १६२९ साली गोव्यात मराठी ओवी बोलू लागला.

प्रथम आपल्या खानदेशातले एक उदाहरण, म्हणजे तुलनेला काहीतरी हाताशी राहील.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली. २१ फेब्रुवारीला पहिले, १९ जूनला अठरावे, दर रविवारी एक. श्रोते म्हणजे सत्याग्रही कैदी. त्यांच्यातच साने गुरुजी होते, अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून काम केलेले. विनोबा बोलत आणि गुरुजी भराभर लिहून घेत. 'गीता प्रवचने' हे पुस्तक त्यातून झाले. इथे आपल्याला वक्ता ठाऊक आहे, लेखक ठाऊक आहे, जागा, वार, तारीख ठाऊक आहे. वक्त्याच्या हयातीतच पुस्तक लोकांच्या हाती आले. तरीही ते वाचताना मला कित्येकदा वाटते की एखाद्या वाक्याची हळवी लय विनोबांची की गुरुजींची? इतक्या अनुकूल परिस्थितीतही दोन माणसांचे स्वर एकमेकांत मिसळतात.

आता 'प्रेषितांची कृत्ये' घ्या. परंपरा हा ग्रंथ लूक याच्या नावावर घालते. ग्रंथात लेखकाचे नाव कुठेही नाही. सोयीसाठी मीही त्याला लूकच म्हणतो. बहुतेक अभ्यासक तो इ.स. ८० ते ९० च्या सुमारास लिहिला गेला असे मानतात. पेत्राचे भाषण इ.स. ३० च्या आसपासचे. म्हणजे मध्ये अर्धे शतक. भाषा ग्रीक. पेत्र गालील प्रांतातला कोळी, बोलणार अरामी. ग्रंथाचा साधारण एक तृतीयांश भाग भाषणांनी व्यापलेला आहे. ती वगळली तर प्रवास, तुरुंग, वादळ आणि भांडणे एवढेच उरते.

भाषणे लूकने रचली असे म्हणायला पुरावा काय? अनुमान नव्हे, पुरावा. तो ग्रंथातच आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यातून टीकाशास्त्राचा उत्तम धडा मिळतो.

पन्नासाव्या दिवसाच्या सणाला, म्हणजे पेंटेकॉस्टला, शिष्य निरनिराळ्या भाषांत बोलू लागतात. गर्दीतले काही म्हणतात, हे प्यालेले आहेत. पेत्र उभा राहतो आणि सर्वप्रथम याच आरोपाचे उत्तर देतो: अहो, अजून सकाळचे नऊ वाजलेत! (दिवसाचा तिसरा तास, असे मूळ शब्द.) मग योएल संदेष्ट्याचा दाखला, मग स्तोत्रसंहितेतले दाखले. त्यांपैकी सोळाव्या स्तोत्रावर सारा युक्तिवाद तोललेला आहे. त्या स्तोत्रात देवाला उद्देशून म्हटले आहे की तू आपल्या पवित्र जनाला एका गोष्टीचा अनुभव येऊ देणार नाहीस. कोणत्या गोष्टीचा? हिब्रू शब्दाचा सहज अर्थ 'खड्डा', अर्थात थडगे. प्राचीन ग्रीक भाषांतरात त्या जागी 'कुजणे' या अर्थाचा शब्द आला. पेत्र म्हणतो, दावीद राजा तर मेला, त्याची कबर आजही आपल्यात आहे. तेव्हा न कुजणारा तो दावीद नव्हे, येशू होय. हा युक्तिवाद ग्रीक शब्दावर नेमका बसतो. हिब्रू शब्दावर तो तितका घट्ट बसत नाही. यरुशलेमच्या गर्दीपुढे बोलणारा गालीली कोळी ग्रीक पोथीतल्या शब्दावर मुद्दा उभारील, हे पटणारे नाही.

बरे, हा योगायोग म्हणावा, तर तेराव्या अध्यायात शेकडो कोस दूर, पिसिदियातल्या अंत्युखियात, पौल बोलतो. पौल सुशिक्षित परुशी, पेत्र अशिक्षित कोळी. पण पौलही तेच स्तोत्र काढतो, तोच शब्द, तीच दाविदाच्या देहाची गोष्ट, तोच निष्कर्ष. पंधराव्या अध्यायात याकोब यरुशलेममधल्या सभेत आमोस संदेष्ट्याचा दाखला देतो. हिब्रू पाठात तिथे 'अदोम' या देशाचा उल्लेख आहे. ग्रीक भाषांतरकारांनी तो शब्द 'माणूस' असा वाचला. याकोबाचा मुद्दा, म्हणजे इतर लोकांनाही दार उघडे आहे हा, फक्त ग्रीक पाठातूनच निघतो. तीन वक्ते, तीन प्रसंग आणि पोथी एकच. ती लूकच्या मेजावर असलेली पोथी होती.

याहून मौजेचा पुरावा पाचव्या अध्यायात. यहुदी न्यायसभेत गमलियेल नावाचा मान्यवर गुरू प्रेषितांना सोडून द्यावे म्हणून भाषण करतो. त्याआधी तो प्रेषितांना बाहेर पाठवायला सांगतो. बंद दाराआड झालेले ते भाषण शब्दशः ग्रंथात आहे! त्यात गमलियेल थेउदास नावाच्या बंडखोराचा दाखला देतो आणि त्याच्यामागून यहूदा गालीली उठला असे सांगतो. यहुदी इतिहासकार जोसेफस यांच्या मते थेउदासचे बंड फादस हा रोमन अधिकारी असताना झाले, म्हणजे इ.स. ४४ ते ४६ च्या दरम्यान. ते गमलियेलच्या भाषणानंतर निदान आठ-दहा वर्षांनी येते. यहूदा गालीली तर इ.स. ६ मधला. श्रद्धावान अभ्यासक म्हणतात की थेउदास दोन असतील. असतीलही. मला मात्र सरळ दिसते ते असे की, लूकपाशी काही नावे होती, आणि प्रसंगाला साजेसे भाषण बांधताना ती त्याने वापरली.

मग लूक खोटारडा ठरतो का? इथे आपल्या काळाची मापे बाजूला ठेवावी लागतात. त्याच्या आधी पाच शतके थ्युसिडिडीस या ग्रीक इतिहासकाराने स्वतःची पद्धत उघड सांगून ठेवली आहे: भाषणांतले नेमके शब्द लक्षात ठेवणे अवघड होते, म्हणून एकंदर आशयाला धरून, त्या त्या प्रसंगी काय बोलणे उचित झाले असते ते मी लिहिले. ग्रीक-रोमन जगात इतिहास लिहिण्याची ही सर्वमान्य रीत होती. जोसेफस मसादाच्या किल्ल्यावर सामूहिक मरणाआधी एलाजारला पल्लेदार तत्त्वज्ञानपर भाषण करायला लावतो. त्या किल्ल्यावरून वाचल्या त्या दोन स्त्रिया आणि पाच मुले, तीही पाण्याच्या भूमिगत वाटेत लपलेली. ते भाषण जोसेफसच्या लेखणीतून आले हे त्या काळच्या वाचकाला कोणी वेगळे सांगावे लागत नसे.

आपल्याकडेही हेच. कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून बखर लिहिली ती शिवाजी महाराजांच्या निधनानंतर साधारण दीड दशकाने. त्यातले संवाद वाचताना आपण भारावून जातो. ते लिहून घ्यायला कोणी चिटणीस पडद्याआड बसला नव्हता, हे आपल्याला ठाऊक असते. राजवाड्यांनी अस्सल कागदाला बखरीहून प्रमाण मानले ते याचसाठी. (त्यांनी अखेरचा श्वास धुळ्यात घेतला, आणि त्यांचे दप्तर आजही धुळ्याच्या मंडळात आहे. खानदेशातल्या ज्या मित्रांनी ते अजून पाहिले नाही त्यांनी एकदा जाऊन यावे.) तरीपण राजवाड्यांचा कठोर निकष लावून बखर फेकून दिली, तर त्या पिढीला आपला राजा कसा बोलला असता असे वाटत होते, हे कळण्याचे साधन हातचे जाते.

उलट बाजूचे उदाहरणही मराठीतच आहे. तेराव्या शतकाच्या शेवटी म्हाइंभटाने चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या त्या ज्याने ऐकल्या-पाहिल्या त्याच्यापाशी जाऊन. मग त्या नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. 'लीळाचरित्रा'तले चक्रधर लांबलचक व्याख्याने क्वचितच देतात. ते एखाद्या म्हातारीला, एखाद्या चोराला, वाटेत भेटलेल्याला दोन वाक्यांत काही सांगतात. स्मरणात दोन वाक्ये टिकतात, व्याख्यान टिकत नाही. म्हणून एखाद्या जुन्या ग्रंथात सुबक बांधणीचे दीर्घ भाषण दिसले की मी प्रथम लेखकाकडे पाहतो, आणि तुटक, जरा विचित्र वाक्य दिसले की श्रोत्याकडे.

आता पौलाकडे वळू. त्याच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. पौलाची स्वतःची पत्रे उपलब्ध आहेत, आणि ती 'कृत्यां'हून जुनी आहेत. करिंथकरांना लिहिताना तो स्वतःच सांगतो की त्याच्याविषयी लोक काय बोलतात: पत्रे वजनदार, पण माणूस समोर आला की दुबळा, आणि बोलणे अगदीच टाकाऊ. आपण वक्तृत्वाचा डौल मिरवीत आलो नाही, भीतभीत, कापतकापत आलो, असेही तो कबूल करतो. हाच पौल लूकच्या ग्रंथात लुस्त्र गावी बोलतो, तेव्हा गावकरी त्याला देवांचा दूत हर्मिस समजतात, कारण मुख्य वक्ता तोच! अथेन्सच्या अरियपगावर तो ग्रीक कवीचा दाखला देतो, अनोळखी देवाच्या वेदीवरून विषय काढतो, एखाद्या मुरलेल्या तत्त्वज्ञासारखा. पत्रांतला पौल आणि 'कृत्यां'तला पौल यांत जे अंतर आहे, तेच लूकच्या हाताचे माप.

मात्र लूकला विनोदबुद्धी होती, हे नमूद करायला हवे. त्रोवसात पौलाचे प्रवचन मध्यरात्रीपर्यंत लांबते आणि युतुख नावाचा तरुण खिडकीत बसल्या बसल्या डुलक्या घेत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. (पुढे तो जिवंत असल्याचे कळते.) रात्रभर चाललेल्या कीर्तनात मागच्या खांबाला टेकून झोपलेला आपला एखादा काका ज्याने पाहिला आहे त्याला हे चित्र ओळखीचे वाटेल. अशी माहिती स्तुतीसाठी कोणी रचीत नाही. ती मला अथेन्सच्या सुरेख भाषणापेक्षा जास्त विश्वसनीय वाटते.

मग लूकच्या भाषणांतून आपल्याला मिळते ते काय? पहिल्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती मंडळ्या स्वतःच्या जाहीर बोलण्याकडे कसे पाहत होत्या, ते मिळते. हे थोडे नाही. लूकचा प्रेषित चौकात, मंदिराच्या आवारात, न्यायसभेत उभा राहतो. त्याच्या हाती सत्ता नाही. पेत्र आणि योहान यांना पकडून आणल्यावर अधिकाऱ्यांना नवल वाटते की ही निरक्षर, सामान्य माणसे इतक्या धीटपणे कशी बोलतात. या धीटपणासाठी लूक जो शब्द वापरतो तो 'पार्‍हेसिया'. हा शब्द मुळात अथेन्सच्या नागरी जीवनातला. स्वतंत्र नागरिकाने सभेत निर्भयपणे, मोकळेपणाने बोलण्याचा हक्क, असा त्याचा भाव. तो हक्क लूक एका कोळ्याला बहाल करतो. ग्रंथाच्या अगदी शेवटच्या ओळीतही, रोममध्ये पहाऱ्यात असलेल्या पौलाच्या बोलण्यासाठी, हाच शब्द येतो. माझ्या मते लूकच्या साऱ्या भाषणांचा मथळा हाच आहे.

आणि श्रोत्यांचे काय? लूकचे श्रोते एकसारखे कधीच नसतात. ते हसतात, चिडतात, दगड उचलतात, काही जण 'पुन्हा कधीतरी ऐकू' म्हणून निघून जातात, काही थांबतात. अथेन्समध्ये तर हे तिन्ही प्रकार एकाच वाक्याच्या अंतरात आहेत. पेत्राच्या तीन हजारांची संख्या मी शब्दशः घेत नाही. पण दारू प्याल्याचा आरोप करणारे टवाळही लूकने गाळले नाहीत, हे लक्षात घ्या.

एक काळी बाजूही सांगायला हवी. पेत्राच्या तोंडी यरुशलेमच्या लोकांना उद्देशून आरोप आहे: तुम्ही त्याला मारले. यहुदी माणसाने यहुदी श्रोत्यांना दिलेला हा घरचा आहेर होता, आणि पुढच्याच भाषणात पेत्र 'तुम्ही ते अजाणतेपणी केले' असेही म्हणतो. पण पुढे सत्ता ख्रिस्ती झाली. मग हेच शब्द युरोपभर सबंध यहुदी समाजाविरुद्ध वापरले गेले. सबंध समाजावरचा हा दोषारोप कॅथलिक चर्चने औपचारिकरीत्या नाकारला तो १९६५ साली. बोलणाऱ्याच्या हाती काय आहे यावरून वाक्याचे काम बदलते, याहून जास्त रक्ताळलेले उदाहरण मला ठाऊक नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या शतकात प्रेषितांवर आणखी कथा रचल्या गेल्या. त्या बायबलात नाहीत. 'पेत्राची कृत्ये' यात भाषणाची जागा जवळजवळ चमत्काराच्या सामन्याने घेतली आहे. रोममध्ये सीमोन नावाच्या मांत्रिकाशी पेत्राचा सामना होतो. एक कुत्रा मनुष्यवाणीने सीमोनाला पेत्राचा निरोप सांगतो, खारवून सुकवलेला मासा पुन्हा पोहू लागतो, आकाशात उडालेला सीमोन खाली कोसळून पाय मोडून घेतो. भारताशी जोडलेल्या 'थोमाच्या कृत्यां'त गाढवाचे शिंगरू बोलते. त्या ग्रंथातला राजा गुंदफर नाण्यांवरून ऐतिहासिक ठरला म्हणून ग्रंथातले सारेच ऐतिहासिक, असा उत्साह मी तरी दाखवणार नाही. पैठणला रेड्यामुखी वेद ऐकलेल्या, आणि तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे देऊळ असलेल्या आपल्या मुलखाला बोलणाऱ्या कुत्र्याचे फारसे आश्चर्य वाटू नये. विद्वानांपुढे मुके जनावर बोलते तेव्हा विद्वत्तेची मक्तेदारी मोडते, हा अर्थ दोन्हीकडे आहे. एवढे सांगून पुढे जातो, कारण खरा विषय आता येतो.

१६२९. गोवा. जेझुइटांच्या छापखान्यातून एक मराठी पुराण बाहेर पडले. विषय पेत्र प्रेषिताचे चरित्र. कर्ता एतिएन द ला क्रुवा नावाचा फ्रेंच पाद्री. पोर्तुगीज त्याला एस्तेव्हाँव द क्रूझ म्हणत. सुमारे बारा हजार ओव्या. लिपी रोमन, कारण देवनागरी खिळे नव्हते. मुखपृष्ठावरचे लांब शीर्षक पोर्तुगीजमध्ये आहे आणि त्यात दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या आहेत: या पूर्वेकडील मूर्तिपूजकांच्या प्रमुख चुकांचे यात खंडन आहे, आणि हे काव्य 'ब्राह्मण मराठी' भाषेत आहे. त्याच पानावर इन्क्विझिशनच्या परवानगीचाही उल्लेख आहे.

याच्या तेरा वर्षे आधी, १६१६ साली, थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे 'क्रिस्तपुराण' राशोलला छापले गेले होते. ते आपण सर्वांनी ऐकले आहे. निदान मराठी भाषेच्या स्तुतीमुळे तरी. 'पेत्रपुराण' मात्र वाङ्मयेतिहासाच्या तळटिपेत पडून राहिले. मराठी ओवी, पुराणाची चौकट, आपल्या पुराणांची बारकाईने करून घेतलेली ओळख: फ्रेंच माणसाने हे सगळे आत्मसात केले, याचे कौतुक मला आहे. भाषेच्या अंगाने ते आपलेच धन आहे, आणि ते हातचे सोडणे करंटेपणाचे ठरेल.

पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला मुखपृष्ठाच्या पुढे जाऊन विचारावे लागते की हा पेत्र कोणापुढे बोलत आहे?

इन्क्विझिशन गोव्यात १५६० साली आले. १५६७ साली साष्टीतली देवळे पाडली गेली. त्याच वर्षी गोव्याच्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेनंतर आलेल्या हुकुमांनी हिंदूंच्या याद्या करून त्यांना ठरावीक दिवशी ख्रिस्ती प्रवचनाला हजर राहणे सक्तीचे केले. हे वाक्य पुन्हा वाचा. जाहीर उपदेशाला श्रोत्यांची यादी! लूकच्या चौकातला श्रोता हसू शकत होता, निघून जाऊ शकत होता, दगड उचलू शकत होता. साष्टीतल्या श्रोत्याला निघून जाण्याचीही मुभा नव्हती. जो कोळी न्यायसभेपुढे आरोपी म्हणून धीटपणे बोलला, त्याचेच चरित्र आता अशा न्यायसभेच्या परवान्याने छापले जात होते, जी स्वतःच लोकांना आरोपी करीत होती. पेत्राच्या तोंडी मराठी आली. 'पार्‍हेसिया' मात्र मागे राहिली.

कोणी म्हणेल, पाद्र्याचा यात काय दोष, तो तर लोकांची भाषा शिकून लोकांशी बोलत होता. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. स्थानिक भाषेच्या बाजूने उभे राहणारे पाद्री होते, आणि १६८४ साली व्हॉइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला, तेव्हा या साऱ्या ग्रंथांच्या पायाखालची जमीनच गेली. क्रूझ हा सत्तेचा नुसता भोंगा नव्हता. पण लेखकाचा हेतू आणि ग्रंथाची परिस्थिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हेतू प्रेमाचा असला तरी समोरचा श्रोता यादीतलाच राहतो.

'क्रिस्तपुराणा'च्या आरंभी एक जागा आहे ती या दृष्टीने मला फार महत्त्वाची वाटते. नवख्रिस्ती मंडळींपैकी एक जण पाद्रीला विनवतो की आमची जुनी पुराणे आमच्यापासून काढून घेतली, तर त्यांच्या बदल्यात वाचायला आम्हांला दुसरे काही द्या. हा संवादही स्टीफन्सच्याच लेखणीतला, हे मान्य. तरी वर चक्रधरांच्या संदर्भात जे म्हटले तेच इथे लावतो. हे वाक्य स्तुतीचे नाही, अडचणीचे आहे. काढून घेतल्याची खंत त्यात राहून गेली आहे. दोन पुराणांच्या हजारो ओव्यांत श्रोत्याचा आवाज शोधायचा असेल, तर मी सुरुवात तिथून करीन.

या सगळ्याला छेद देणारा एक प्रसंग मराठीतच आहे. १८५७ सालचा जानेवारी, मुंबईचा समुद्रकिनारा. विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वादविवाद सुरू झाला, आणि तो काही महिने चालला. इथेही राज्य ख्रिस्ती सत्तेचे होते. कंपनी सरकार डोक्यावर होते. पण हजेरीची यादी नव्हती. ज्याला यायचे तो आला, ज्याला उत्तर द्यायचे त्याने दिले. जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने त्याचा इंग्रजी वृत्तान्त त्याच वर्षी छापला. मराठीत 'समुद्रकिनारीचा वादविवाद' १८७२ साली निघाला. बोवेनच्या पुस्तकात त्याची लेखणी आहे, मराठीत बुवांच्या बाजूची. दोन्ही बाजूंनी आपापले रचले असणारच. लूकपासून साने गुरुजींपर्यंत ते कोणाला चुकलेले नाही. पण एकाच किनाऱ्यावरच्या बोलण्याला दोन लेखण्या लाभल्या. लूकच्या यरुशलेमला एकच होती. १६२९ च्या गोव्यातही एकच, आणि तिला परवाना होता.

म्हणून त्या वाचकाच्या प्रश्नाला माझे उत्तर असे: गर्दीत कागद घेऊन कोणी बसला नव्हता, आणि भाषण तरीही टाकाऊ नाही. नवापूर-नंदुरबारकडे आपले कित्येक शेजारी हाच अध्याय दरवर्षी त्या सणाला श्रद्धेने वाचतात. त्यांची श्रद्धा तपासणे हे आपले काम नव्हे. त्यांना 'बनावट' म्हणून हिणवणे तर नव्हेच. तसे म्हणणाऱ्याने आधी आपल्या बखरींतले संवाद त्याच तराजूत घालावेत. आपले काम लेखणी कोणाची हे विचारण्याचे, आणि समोरच्या माणसाला उठून जाता येत होते का, हे विचारण्याचे.

उद्या शक्य झाल्यास 'कृत्यां'चा दुसरा आणि तेरावा अध्याय शेजारी ठेवून वाचा. मराठी बायबल कोणत्याही जुन्या पुस्तकांच्या दुकानात सहज मिळते. सोळाव्या स्तोत्राची ती ओळ दोन्हीकडे अधोरेखित करा, आणि वेगळे काही दिसले तर खाली लिहा. थेउदास दोन होते या मताच्या बाजूने कोणाकडे भक्कम मुद्दा असेल, तर तो मला विशेष ऐकायचा आहे.